माळकऱ्याचं लिव्हर

‘पोटात पाणी झालं होतं’ एवढं सांगितलं की आमच्या पिंगळीत पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. दारू असणार, असं मनातल्या मनात समजून घ्यायचं आणि चहाचा कप खाली ठेवून उठायचं. त्यामुळं आमच्या गल्लीतला माळकरी बेचाळिसाव्या वर्षी लिव्हरच्या कॅन्सरनं गेला तेव्हा गावाची पंचाईत झाली. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही, आषाढीला पायी वारी. दारू सोडाच, तंबाखूचीही पुडी खिशात नसायची. दोष द्यायचा कुणाला? दहाव्याला बसलेल्या मंडळींनी शेवटी तोड काढली, त्यांच्या घराण्यातच आहे ते. बाप नाही का असाच गेला!

मी लॅबवाली बाई. उभी नोकरी रक्त काढण्यात आणि तपासण्यात गेली. परभणीहून पूर्णेकडं जाणारी रेल्वे पिंगळीवरून जाते, तिच्या वेळा सांभाळत ड्युटी केली. रिटायर झाले तरी लोक प्लास्टिकच्या पिशवीत फाइल घालून घरी येतात. डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलेलं अर्ध्या तासात समजून घ्यायचं असतं. माळकऱ्याचा मधला भाऊ असाच आला. फाइल माझ्यापुढं सरकवून म्हणाला, “बाई, खरं सांगा. आमच्या रक्तातच हाय का ह्ये? मंग माझ्या लेकरायचं काय?”

त्याच्या फाइलमध्ये भावाचा जुना रिपोर्ट होता. त्यावर एचबीएसएजी पॉझिटिव्ह. म्हणजे हेपटायटिस बी, आपल्याकडं जिला पांढरी कावीळ म्हणतात ती. डोळे पिवळे होत नाहीत, लघवी पिवळी होत नाही, भूक लागते, शेतात काम होतं. व्हायरस मात्र लिव्हरमध्ये मुक्काम ठोकून असतो. माळकऱ्यानं कधीकाळी अशक्तपणा आला म्हणून कावीळ ‘उतरवून’ही घेतली होती. चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे आणि पाणी पिवळं झालं की कावीळ निघाली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हीच करामत शाळाशाळांतून करून दाखवतात. आंब्याच्या सालीचा रस आधी हाताला चोळलेला असला की निरोगी माणसाच्या हातातूनही कावीळ ‘निघते’.

मी मधल्याला म्हटलं, आधी घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घे, मग रक्तातलं काय ते बोलू. तपासणी अगदी साधी. बोटाएवढं पांढरं कार्ड असतं, त्याच्या खळग्यात सीरमचे दोन-तीन थेंब टाकायचे. थेंब हळूहळू कागदावरून वर चढतो. ‘सी’पाशी गुलाबी रेघ आली म्हणजे कार्ड चांगलं आहे, आणि ‘टी’पाशीही आली म्हणजे माणूस पॉझिटिव्ह. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. पुष्कळदा ‘टी’ची रेघ इतकी फिकी असते की खिडकीपाशी नेऊन तिरकी धरून बघावी लागते. फिकी असली तरी ती रेघच. ‘थोडंसंच पॉझिटिव्ह’ असं काही नसतं, हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल!

त्या घरात आई पॉझिटिव्ह निघाली, मधला पॉझिटिव्ह, सासरी असलेली बहीण पॉझिटिव्ह. धाकटा निगेटिव्ह. आई सत्तरीला आलेली, काटक, अजून खुरपायला जाते. ती माझ्यावरच उखडली, “म्या कंदी दवाखान्याची पायरी चढले न्हाई. माझ्यापून कसं येईल?”

तिच्यापासूनच आलं असणार. बाळंतपणात आईच्या रक्तातून बाळाला लागण होते. नाहीतर चालत्या-खेळत्या वयात घरातल्या पॉझिटिव्ह माणसाच्या रक्ताचा जखमेशी संबंध येऊन होते. यात वयाचा फार मोठा वाटा आहे. जन्मताना लागण झाली तर सुमारे 90 टक्के बाळांत व्हायरस कायमचा राहतो. धडधाकट मोठ्या माणसाला झाली तर 5 टक्क्यांहून कमी जणांत राहतो, बाकीच्यांचं शरीर त्याला हुसकावून लावतं. मोठेपणीही कुणाकुणाला तो सोडत नाही. ‘कुली’ सिनेमाच्या वेळी 1982 मध्ये अमिताभ बच्चनला जे रक्त चढवलं त्यातून हा व्हायरस आला. लिव्हरचा 75 टक्के भाग गेल्यावर, कित्येक वर्षांनी तो सापडला, हे तो स्वतःच जाहीरपणे सांगतो.

तर या घरात पिढीतून पिढीत गेला तो व्हायरस. जनुकांसारखाच आईकडून लेकरांकडं गेला, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला ते ‘घराण्यातलं’ वाटलं. बाप कशानं गेला हे आता कुणालाच सांगता यायचं नाही, त्याचं रक्त कुणी तपासलं नव्हतं.

व्हायरस आणि कॅन्सर यांचा संबंध किती घट्ट आहे हे तैवानमध्ये कळलं. पामर बीस्ली नावाच्या अमेरिकी डॉक्टरानं तिथल्या 22,707 पुरुषांवर, बहुतेक सरकारी नोकरांवर, काही वर्षं नजर ठेवली. 1981 मध्ये त्याचे आकडे छापून आले. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असलेल्यांना लिव्हरच्या कॅन्सरचा धोका निगेटिव्ह असलेल्यांच्या 223 पट निघाला. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचं नातंही एवढं घट्ट नाही. पुढं 1984 मध्ये तैवाननं पॉझिटिव्ह आयांच्या नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली, मग सगळ्याच बाळांना. दहा-बारा वर्षांतच सहा ते चौदा वयाच्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर लाखामागं 0.70 वरून 0.36 वर आला. एवढ्या काळात कुठल्या देशाची जनुकं बदलत नाहीत. नवी आली होती फक्त लस.

मग जनुकांचं काहीच नाही का? आहे. कारण लहानपणी लागण झालेले सगळेच काही कॅन्सरनं जात नाहीत. उपचाराविना राहिले तर साधारण चौघांतला एक सिरॉसिसनं, म्हणजे लिव्हर निबर होऊन, किंवा कॅन्सरनं जातो. तिघं दुसऱ्याच कशानं तरी जातात, माळकऱ्याच्या आईसारखे खुरपणी करत म्हातारे होतात. एकाच आईची लेकरं, एकच व्हायरस, एकाच चुलीवरची भाकरी. एकाला का होतं आणि दुसऱ्याला का नाही, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही छळतोय, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्याची थोडी उत्तरं हाती आली आहेत.

पहिलं उत्तर सहाव्या क्रोमोसोमवर मिळतं. तिथं एचएलए नावाची जनुकं आहेत. पेशीच्या आत काय चाललंय त्याचा नमुना पेशीच्या बाहेर आणून दाखवणं हे त्यांचं काम, म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांना आपला कोण आणि परका कोण ते कळतं. प्रत्येकाकडं या जनुकांचा वेगळा संच असतो. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की एचएलए-डीपी या भागातले काही फरक असलेल्या माणसांत हेपटायटिस बी कायमचा राहण्याची शक्यता कमी असते. म्हणजे व्हायरस घुसला तरी टिकेल की नाही, यात जनुकांना बोलायला जागा आहे. माळकऱ्याचा धाकटा भाऊ निगेटिव्ह का, याचं कारण इथं असू शकतं. किंवा तो जन्मला तोवर आईच्या रक्तातला व्हायरस आपोआपच कमी झाला असेल, वय वाढल्यावर पुष्कळ बायकांत तसं होतं. आज कार्डावरून यातलं काहीच सांगता येत नाही.

याच सहाव्या क्रोमोसोमवर मायका नावाचं जनुक आहे. व्हायरस शिरला, पेशी बिघडायला लागली की हे जनुक पेशीच्या अंगावर खूण उमटवतं आणि मारेकरी पेशी ती खूण बघून तिचा निकाल लावतात. 2011 मध्ये जपानमध्ये विनोद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेपटायटिस सी या दुसऱ्या व्हायरसमधून लिव्हरचा कॅन्सर झालेल्यांची जनुकं चाळली, तेव्हा मायकाजवळचा एक फरक त्यांच्यात जास्त दिसला. किती जास्त? 1.39 पट. हा आकडा मी मधल्याला कागदावर लिहून दाखवला आणि शेजारी बीस्लीचा 223 लिहिला. त्यानं दोन्हींकडं बघितलं. “मंग एवढ्याशासाठी एवढा खटाटोप कामून?” म्हणाला.

खटाटोप एवढ्यासाठी की असे बारके धागे जमवत गेलं तर कॅन्सर घडतो कसा ते कळतं, आणि औषध शोधणाऱ्याला तेच लागतं. पण एकेका माणसाचं भविष्य सांगायला हा आकडा कुचकामी आहे. वर हे धागे परमुलखात टिकतीलच याचा भरवसा नाही. 2010 मध्ये चीनमधल्या एका मोठ्या अभ्यासात केआयएफ1बी या जनुकातला फरक हेपटायटिस बीवाल्यांच्या कॅन्सरशी जोडला गेला. गाजावाजा झाला. दोन वर्षांत जपान, कोरिया आणि हाँगकाँगच्या रुग्णांत तोच फरक तपासला तर संबंध काही सापडेना. शेजारच्या देशांत ही गत, तर परभणी जिल्ह्यातल्या माणसाला त्या यादीवरून काय सांगणार? व्हायरसही सगळीकडं एकच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या रुग्णांचा व्हायरस तपासला, त्यात ‘डी’ जात सगळ्यात जास्त आणि खालोखाल ‘ए’ निघाली. चीन-जपानकडं ‘बी’ आणि ‘सी’ जातींचं राज्य आहे. माणूस वेगळा, व्हायरस वेगळा, ताट वेगळं, आणि अंदाज मात्र तिकडचा. म्हणून घरपोच थुंकीची नळी मागवून ‘कॅन्सरचा जनुकीय धोका’ सांगणाऱ्या पाकिटांवर हेपटायटिसच्या रुग्णानं पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पैशात घरातल्या सगळ्यांची कार्डं होतात आणि वर पैसे उरतात.

एका जनुकाबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्याचं आपल्या ताटाशी आणि बाटलीशी नातं आहे. नाव अवघड आहे, पीएनपीएलए3. बाविसाव्या क्रोमोसोमवर त्याची जागा. 2008 मध्ये अमेरिकेत डॅलसला हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांच्या गटानं त्याचं महत्त्व उजेडात आणलं. या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं, त्यामुळं त्याच्या प्रथिनातला 148 वा मणी बदलतो. हे प्रथिन लिव्हरच्या पेशीतल्या चरबीच्या थेंबांवर बसलेलं असतं. बदललेलं प्रथिन तिथंच साठून राहतं आणि चरबी वितळवण्याच्या कामात खोडा घालतं. अशा माणसाच्या लिव्हरमध्ये चरबी लवकर साठते, दारू प्यायला तर सिरॉसिस लवकर गाठतो, आणि कॅन्सरही. हेपटायटिस सीच्या रुग्णांतही याचा उपद्रव दिसलेला आहे. बीच्या बाबतीत पुरावा तितका पक्का नाही. हा फरक आपल्या लोकांत दुर्मिळ नाही. 2018 मध्ये याच्या उलट काम करणारं, लिव्हरला सांभाळणारा फरक असलेलं दुसरं एक जनुकही सापडलं. पण पीएनपीएलए3 मधलं मला महत्त्वाचं वाटतं ते हे की जन्माला घेऊन आलेलं अक्षर इथं एकटं काही करत नाही. त्याला चरबी लागते, दारू लागते. पोट सुटलेलं नाही आणि बाटली घरात नाही, तर ते अक्षर बरंचसं मुकाट राहतं.

मधल्याला हे लगेच पटलं. “म्हंजी एकाच थैलीतलं बियाणं, पर रान येगळं,” म्हणाला. शेतकऱ्याला जनुक-परिस्थिती शिकवायला जाऊ नये, तो त्यात आपल्यापुढं असतो.

आता दुसरी गोष्ट, जी फाइल घेऊन येणाऱ्यांना सगळ्यात अवघड जाते. कॅन्सर हा जनुकांचाच आजार आहे, पण जन्मल्यानंतर बिघडलेल्या जनुकांचा. हेपटायटिस बीचा व्हायरस इतका चोंबडा की आपल्या डीएनएचे तुकडे लिव्हरच्या पेशीतल्या आपल्याच डीएनएमध्ये घुसवून ठेवतो. कधी ते टर्ट नावाच्या जनुकाशेजारी जाऊन बसतात. या जनुकाच्या जोरावर पेशीला मरण विसरता येतं. म्हणून बीच्या रुग्णात सिरॉसिस नसतानाही कॅन्सर उगवू शकतो. हेपटायटिस सीचा व्हायरस असा डीएनएत घुसत नाही. तिथं वर्षानुवर्षं लिव्हर जळत राहतं, भरून येतं, पुन्हा जळतं, आणि त्या दुरुस्तीच्या धांदलीत चुका होतात. हे बिघाड लिव्हरपुरतेच. ते लेकरांत उतरत नाहीत. मधल्याला याची मी दोनदा खात्री दिली.

जन्मानंतरच्या बिघाडाचा सगळ्यात स्वच्छ पुरावा मात्र धान्याच्या बुरशीनं दिला. 1960 मध्ये इंग्लंडात लाखावर टर्की पक्षी पटापट मेले. ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड त्यांना घातली होती, तिच्यात बुरशीचं विष निघालं. त्याला पुढं अफ्लाटॉक्सिन म्हणायला लागले. आपल्याकडं 1974 मध्ये राजस्थानच्या बांसवाड्यात आणि गुजरातच्या पंचमहालात अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला. 397 जण आजारी पडले, 106 दगावले. लोक आधी ती काविळीची साथ समजले होते. गंमत अशी, गमतीची गोष्ट नाही खरं तर, गावातली कुत्रीही तशीच मेली होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं छडा लावला, तो याच विषाचा.

हे विष थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर पी53 या राखणदार जनुकात 249 व्या जागी ठरावीक एकच अक्षर बदलतं. 1991 मध्ये चीन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गाठींमध्ये हा एकसारखा ठसा सापडला. चोरानं दर घरात तेच कुलूप त्याच जागी फोडावं तसं. शांघायच्या पुरुषांवरचा हिशोब तर मी पाठच केलाय. नुसतं अफ्लाटॉक्सिन पोटात जाणाऱ्यांना धोका सुमारे 3 पट, नुसता हेपटायटिस बी असणाऱ्यांना 7 पट, आणि दोन्ही असणाऱ्यांना 59 पट. तीन आणि सात मिळून दहा व्हायला पाहिजेत, झाले साठाजवळ. म्हणून हेपटायटिसच्या रुग्णाच्या घरी गेले की मी बळदात डोकावते. खरिपाची ज्वारी पावसात काळी पडते तिच्यावरच्या बुरशा बहुतेक वेगळ्या, माझा डोळा शेंगदाण्यावर आणि मक्यावर असतो. सुरकुतलेले, हिरवट भुकटी आलेले, कडू लागणारे दाणे आमच्याकडं टाकून देत नाहीत. चटणीत कुटून घालतात, लसूण-तिखटात कडूपणा कळत नाही. भाजून विष जात नाही, आणि कुटून तर मुळीच नाही. माळकऱ्याच्या घरी शेंगाचं पोतं भिंतीला टेकून जमिनीवर ठेवलेलं होतं, बुडाला ओल होती. त्याचा त्याच्या कॅन्सरशी संबंध होता असं मी म्हणणार नाही. पोतं मात्र मी त्याच दिवशी उन्हात ओतायला लावलं.

मग ‘घराण्यात आहे’ याला काही अर्थ उरतो का? उरतो, आणि माझ्या मते जनुकांच्या सगळ्या कागदांपेक्षा तोच कामाचा आहे. तैवानमध्येच असं दिसलं की पॉझिटिव्ह माणसाचे आईबाप, भावंडं यांच्यापैकी कुणाला लिव्हरचा कॅन्सर झालेला असेल, तर त्याचा स्वतःचा धोका सुमारे 2.4 पट होतो. त्यात जनुकं किती, आईकडून लवकर आलेला व्हायरस किती आणि सारखंच धान्य किती, याची वाटणी कुणाला करता आलेली नाही. करायची गरजही नाही. डॉक्टरला एवढंच सांगायचं असतं की माझा भाऊ यानं गेला. आणि नेमकं तेच लोक सांगत नाहीत. दारूचा संशय येईल म्हणून, नाहीतर पोरीचं जमायचं अडेल म्हणून.

हे सांगितल्यानं नियम बदलतो. आपल्या भागातल्या पॉझिटिव्ह पुरुषानं चाळिशीनंतर आणि बाईनं पन्नाशीनंतर दर सहा महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी करावी, सोबत जमलं तर रक्तातलं एएफपी बघावं, असं लिव्हरचे तज्ज्ञ सांगतात. सिरॉसिस असेल किंवा घरात कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर वयाची वाट बघायची नाही. शांघायमध्ये 18,816 जणांवर हे करून बघितलं. सहामाही तपासणी केलेल्या गटात लिव्हरच्या कॅन्सरचे मृत्यू 37 टक्के कमी झाले. गाठ दोन-तीन सेंटीमीटरची असताना सापडली तर काढता येते, जाळता येते. माळकऱ्याची सापडली तेव्हा संत्र्याएवढी होती.

मधला अडतीस वर्षांचा. त्याच्या फाइलवर मी पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून दिलं, ‘सख्खा भाऊ – लिव्हर कॅन्सर’. व्हायरसचं प्रमाण मोजलं, ते जास्त निघालं, आणि टेनोफोविरची रोज एक गोळी सुरू झाली. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि गोळी दोन्ही मोफत आहेत. हेपटायटिस सी असता तर बारा आठवड्यांच्या गोळ्यांत बहुधा मोकळा झाला असता. बीची गोळी वर्षानुवर्षं घ्यावी लागते. तो कापसाच्या पहिल्या वेचणीच्या धामधुमीत सोनोग्राफी चुकवतो, हा माझा त्याच्याशी कायमचा तंटा. गोळी तरी चुकवू नको, मनानं बंद तर मुळीच करू नको, व्हायरस उसळून लिव्हर एका महिन्यात बसू शकतं, हे त्याच्या बायकोला सांगून ठेवलंय. त्याच्यापेक्षा तिच्या लक्षात राहतं.

बहिणीला तेव्हा सातवा महिना होता. सासरी सांगू का नको, यावर आठ दिवस आमच्या ओट्यावर खल झाला. मी म्हटलं, नवऱ्याला सांग, बाकीच्यांना तुझी मर्जी. बाळंतपण दवाखान्यात झालं पाहिजे आणि बाळाला चोवीस तासांच्या आत लसीचा पहिला डोस व सोबत इम्युनोग्लोब्युलिनची सुई मिळाली पाहिजे, एवढं तर आधी ठरवावंच लागतं. नवरा समजूतदार निघाला, स्वतःचंही कार्ड करून आला. निगेटिव्ह. त्याचा लसीचा पहिला डोस त्याच दिवशी झाला. ही लस देशभरातल्या सगळ्या बाळांना 2011 पासून मिळते. त्याआधी जन्मलेल्यांचं कुणी फारसं विचारत नाही, म्हणून मी विचारते.

माळकऱ्याला दोन लेकरं. मुलगा लहान, त्याच्या कार्डावर जन्मापासूनचे सगळे डोस आहेत. मुलगी दहावीत. तिच्या लसीचं कार्ड घरात कुठंच सापडलं नाही. आजीनं दोन ट्रंका उलथ्यापालथ्या केल्या, त्यात तिच्या बारशाची कुंची सापडली, कार्ड नाही. तिचं रक्त मी स्वतः काढलं, निगेटिव्ह आलं. आता शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस. दोन झालेत. तिसरा तिच्या बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर येतोय, आणि तो पुढं ढकलायचा नाही, असं मी आजीला बजावलंय.